नर्तकांसाठीचे आपत्कालीन मदतनिधी: ब्रिटन आणि अमेरिकेतल्या सेवांचं परीक्षण

पाय मोडला, दौरा रद्द झाला, निर्मात्याने गाशा गुंडाळला. अशा वेळी व्यावसायिक नर्तकाला परत न करायची मदत देणारे निधी ब्रिटन आणि अमेरिकेत आहेत, आणि त्यातले काही चांगलेच जुने आहेत. ते आपलं काम नीट करतात, हे आधीच सांगून टाकू. मात्र ते काम नेमकं काय, याबद्दल अर्जदाराची समजूत बऱ्याचदा चुकीची असते. बुडालेली कमाई हे निधी भरून देत नाहीत. या महिन्याचं घरभाडं, थकलेलं विजेचं बिल, फिजिओच्या चार बैठका, अशी रक्कम आणि तारीख असलेली गरज ते उचलतात. अर्ज त्या हिशेबाने लिहिला तर काम पुढे सरकतं. ‘परिस्थिती बिकट आहे, जमेल तेवढी मदत व्हावी’ असा लिहिला तर प्रश्नांची पत्रं येत राहतात आणि दरम्यान भाड्याची तारीख उलटून जाते.

ब्रिटनमधला डान्स प्रोफेशनल्स फंड या यादीत पहिला, कारण तो फक्त नृत्यक्षेत्रासाठी आहे. तो १९३६ पासून चालू आहे. पूर्वी त्याचं नाव रॉयल बॅले बेनेव्हलंट फंड होतं, आणि त्या जुन्या नावामुळे ‘आपण कुठे रॉयल बॅलेत होतो’ असं म्हणून अर्जच न करणारे अजून भेटतात. तशी अट नाही. कंटेम्पररी, म्युझिकलमधला कोरस, व्यावसायिक मंचावरचं कथक किंवा भरतनाट्यम, सगळं चालतं. काम व्यावसायिक होतं का आणि त्याचे पैसे मिळाले का, हा खरा प्रश्न असतो. मंच सोडलेल्या माजी नर्तकांनाही मदत मिळते. हे महत्त्वाचं आहे, कारण खुबा, गुडघे आणि घोटे यांचं बिल बऱ्याचदा कारकीर्द संपल्यावर येतं.

या निधीची जमेची बाजू म्हणजे समोरच्याला नृत्य समजावून सांगावं लागत नाही. पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे पायाच्या करंगळीमागच्या लांब हाडाचं, तिरकं फ्रॅक्चर घ्या. डॉक्टरही त्याला डान्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतं, म्हणून सर्वसाधारण धर्मादाय संस्थेतला माणूस विचारतो, ‘मग दोन महिन्यांनी कामावर जाल ना?’ पण त्याच पायावर उडी मारून उतरणं, डेमी-पॉइंटवर, म्हणजे टाच उचलून चवड्यावर, तोल सांभाळणं, आठवड्याला आठ प्रयोग करणं याला त्याहून बराच जास्त काळ लागतो, आणि दरम्यान ऑडिशन्स निघून जातात. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिने ते वर्षभर मंच विसरावा लागतो. नृत्याशी संबंधित निधीत हा मुद्दा एका ओळीत संपतो. इतरत्र त्यासाठी फिजिओचं स्वतंत्र पत्र जोडावं. आणि त्या पत्रात ‘विश्रांतीची गरज आहे’ असं मोघम नको. कोणती हालचाल किती आठवडे बंद, चालणं आणि बसून शिकवणं केव्हापासून शक्य, हे लिहून घ्यावं.

अमेरिकेत बहुतेकांची पहिली पायरी एन्टरटेन्मेंट कम्युनिटी फंड. १८८२ सालची ही संस्था २०२२ पर्यंत ॲक्टर्स फंड या नावाने ओळखली जायची. जुन्या नावामुळे इथेही नर्तकांचा गैरसमज होतोच. प्रत्यक्षात रंगभूमी, चित्रपट, दूरदर्शन, संगीत, नृत्य, पडद्यामागचे कामगार, सगळे तिच्या कक्षेत येतात. ही सेवा नुसता चेक लिहून मोकळी होत नाही. सामाजिक कार्यकर्त्याशी बोलणं होतं, महिन्याचा जमाखर्च मांडला जातो, सरकारी मदतीचा कुठला मार्ग उरलाय ते पाहिलं जातं. घाईत असलेल्या माणसाला हा सगळा खटाटोप वैताग वाटतो. पण आरोग्यविम्याचा हप्ता थकलेला आणि भाडंही थकलेलं, अशा दुहेरी कचाट्यात सापडलेल्याला नुसत्या चेकपेक्षा या बोलण्याचा उपयोग जास्त होतो.

तिची खरी अडचण पात्रतेत आहे. या क्षेत्रातून अनेक वर्षं ठरावीक प्रमाणात कमाई झाल्याचे कागद लागतात, म्हणजे पगारदाराचा डब्ल्यू-२ किंवा स्वतंत्र कामाचा १०९९ हे करासाठीचे फॉर्म. नियम समजण्यासारखा आहे, कारण व्यावसायिक आणि हौशी यांच्यात रेघ कुठेतरी ओढावीच लागते. पण स्वतंत्र काम करणाऱ्या नर्तकाचं निम्मं मानधन रोखीत, प्रवासखर्चाच्या नावाने किंवा छोट्या कंपनीच्या खात्यातून आलेलं असतं. ते कागदावर नाही, म्हणजे मोजलं जात नाही. नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले आणि पी-३ या पारंपरिक कलाकारांसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर एखाद्या दौऱ्यासाठी आलेले शास्त्रीय नर्तक इथेच अडतात. संकट खरं असतं, कमाईचा इतिहास मात्र तोकडा पडतो. कंपनी बॅले किंवा ऑपेरात काम केलेल्यांनी आपण ॲग्मा (अमेरिकन गिल्ड ऑफ म्युझिकल आर्टिस्ट्स) या कामगार संघटनेचे सदस्य आहोत का, हे आधी पाहावं. तिचा वेगळा मदतनिधी आहे आणि त्याचे अर्ज एन्टरटेन्मेंट कम्युनिटी फंडामार्फतच हाताळले जातात. फोनवर पहिल्याच वाक्यात संघटनेचं नाव सांगितलं तर योग्य खिडकी लवकर सापडते.

तिसरं नाव सावधगिरीचा इशारा म्हणून. फाउंडेशन फॉर कंटेम्पररी आर्ट्स ही संगीतकार जॉन केज आणि चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९६३ मध्ये सुरू केलेली संस्था ‘इमर्जन्सी ग्रँट्स’ देते. शोधयंत्रात ‘नर्तक, आपत्कालीन, अनुदान’ टाकलं की ती हमखास वर येते, आणि लोक हॉस्पिटलचं बिल घेऊन तिथे जातात. ते अनुदान त्यासाठी नाहीच. प्रयोग सादर करण्याची अचानक संधी आली आणि इतरत्र पैसे मागायला वेळ उरला नाही, किंवा तारीख पक्की झालेल्या, पूर्ण होत आलेल्या कामात अनपेक्षित खर्च निघाला, एवढ्या दोनच कारणांसाठी ते आहे. रक्कम ५०० ते ३,००० डॉलर. कलाकारांची समिती महिन्यातून एकदा बसते, त्यामुळे प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात पाठवलेला अर्ज वाया जातो. अर्जदार अमेरिकेत काम करणारा आणि तिथला करक्रमांक असलेला हवा. २०२० मध्ये रद्द झालेल्या प्रयोगांच्या नुकसानीसाठी संस्थेने वेगळा तात्पुरता निधी उघडला होता. त्या काळातल्या जुन्या माहितीवर विसंबून आज घरभाड्यासाठी अर्ज करणं म्हणजे वेळ घालवणं. आपल्या कामापुरती ही सेवा उत्तम आहे: मंचावर अंथरायचं नृत्याचं आच्छादन ऐनवेळी भाड्याने घ्यावं लागलं, प्रकाशयोजनाकार आजारी पडून बदली माणूस आणावा लागला, तर बिनधास्त अर्ज करा.

पुनर्प्रशिक्षणाचे निधी हा आणखी एक गोंधळ. अमेरिकेतला करिअर ट्रान्झिशन फॉर डान्सर्स (१९८५ चा, २०१५ मध्ये ॲक्टर्स फंडात विलीन झालेला) आणि ब्रिटनमधला डान्सर्स करिअर डेव्हलपमेंट हे कामाचे आहेत, पण ते नृत्यानंतरच्या शिक्षणाला आणि नव्या व्यवसायाला पैसे देतात. उद्याच्या भाड्यासाठी तिथे जाऊ नये.

धर्मादाय निधीकडे वळण्याआधी हक्काचे पैसे तपासणं भाग आहे, कारण निधीवालेही पहिला प्रश्न तोच विचारतात. ब्रिटनमध्ये पगारी करारावर असाल तर वैधानिक आजारपण भत्ता मिळू शकतो, जास्तीत जास्त २८ आठवडे. स्वयंरोजगारावर असाल तर नाही. युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी भत्त्याचा पहिला हप्ता यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळात आगाऊ रक्कम मिळते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. नेमकी हीच पाच आठवड्यांची दरी निधी सगळ्यात सहज भरून काढतात, कारण तिला सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत. क्रेडिटचा अर्ज केल्याचा पुरावा जोडून ‘या तारखेपासून या तारखेपर्यंतचं भाडं’ अशी मागणी केली तर ती समजायला सोपी जाते. धर्मादाय मदत त्या क्रेडिटच्या हिशेबात उत्पन्न म्हणून धरली जात नाही, हेही घाबरणाऱ्यांसाठी सांगून ठेवू. बचत ६,००० पौंडांवर गेली की क्रेडिट कमी होतं आणि १६,००० वर गेली की सहसा बंदच होतं. मदत वेळच्या वेळी खर्च झाली तर हा प्रश्न येत नाही.

व्हिसावर असलेल्यांना एक वेगळीच भीती असते. ब्रिटनमध्ये अनेक कामाच्या व्हिसांवर सार्वजनिक निधीचा आधार घेण्यास मनाई असते. ती मनाई सरकारी लाभांना लागू आहे. खाजगी धर्मादाय संस्थेचं अनुदान त्या यादीत येत नाही, त्यामुळे अशा निधीकडे अर्ज केल्याने अट मोडत नाही. नुसत्या या भीतीपोटी मित्रांकडून उसने घेत राहणारे नर्तक आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

क्रूझवर नाचणाऱ्यांनी तर निधीचा विचार शेवटी करावा. करारानुसार तुम्ही ‘सीफेअरर’ (जहाजावरचा कामगार) या व्याख्येत बसत असाल, तर २००६ च्या सागरी कामगार कराराखाली जहाजावर झालेल्या दुखापतीची जबाबदारी जहाजमालकावर येते. उपचार आणि काम न करता आल्यामुळे बुडालेला पगार यासाठी देशोदेशींचे कायदे मर्यादा घालू शकतात, पण ती १६ आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. जहाजावरून उतरण्याआधी दवाखान्यातली नोंद, अपघाताचा लेखी अहवाल आणि त्याची प्रत हातात घ्यावी. ‘घरी जाऊन बघू’ म्हणून उतरलेल्याची बाजू नंतर फार कमकुवत होते. पाहुणे कलाकार काही वेळा या व्याख्येबाहेर राहतात, तेव्हा कराराचं ते कलम आधी वाचा.

उपचाराबाबतही तेच. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेत नर्तकांच्या दुखापतींसाठी मोफत विशेष क्लिनिक्स आहेत. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डान्स मेडिसिन अँड सायन्स या संस्थेच्या भागीदारीतून ती उभी राहिली. तिथे आपल्या जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरच्या, चिठ्ठीने जायचं. न्यूयॉर्कमध्ये एनवाययू लँगोनचं हार्कनेस सेंटर फॉर डान्स इंज्युरीज आहे. या दारांवर न जाता खाजगी एमआरआयसाठी पैसे मागितले, तर समिती कारण विचारणारच. प्रतीक्षायादी लांब आहे हे कारण चालतं, फक्त तिची तारीख दाखवणारं पत्र हवं.

आता कागद. संस्थेगणिक यादी थोडी बदलते, गाभा एकच: व्यावसायिक कामाचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, सगळ्या बँक खात्यांची साधारण तीन महिन्यांची स्टेटमेंट्स, भाडेकरार, ज्या बिलासाठी मागणी आहे ते बिल, आणि दुखापत असेल तर वैद्यकीय पत्र. कामाच्या पुराव्यात प्रयोगाची पत्रिका आणि फोटो यांना फारसं वजन नाही. करार आणि त्याच रकमेची बँकेतली नोंद ही जोडी खरी. करार नसेल तर तारीख आणि रक्कम ठरल्याचा ईमेल चालतो. सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या गटाचं मानधन एकाच्या खात्यात येऊन मग वाटलं जात असेल, तर वाटपाचा तक्ता आणि गटाच्या खजिनदाराची सही जोडा.

सगळ्यात जास्त अर्ज बँक स्टेटमेंटपाशी रेंगाळतात. खात्यात कुणा मैत्रिणीच्या नावाने २०० पौंड आलेले दिसतात. ते उत्पन्न की उसने? पलीकडच्या आठवड्यात ३०० पौंड दुसऱ्या खात्यात गेलेले दिसतात, आणि त्या दुसऱ्या खात्याचं स्टेटमेंट जोडलेलंच नाही. यात लबाडी नसते. ते बहुधा कर भरण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं खातं असतं, आणि त्यात १,८०० पौंड असले तरी ते जानेवारीत सरकारला द्यायचे असतात. पण न सांगितलेलं खातं म्हटलं की विश्वास उडतो. उपाय साधा आहे: स्टेटमेंटची प्रत काढा, प्रत्येक न समजणाऱ्या ओळीसमोर पेनाने दोन शब्द लिहा. ‘उसने, परत करायचे’, ‘करासाठी राखीव’, ‘डिसेंबरच्या कार्यशाळेचं मानधन’. जुगाराच्या नोंदी किंवा मोठी खरेदी असेल तर लपवू नका, लेखी कारण द्या. ओळी खोडलेलं स्टेटमेंट परत येतं.

मागणीची रक्कम कशी काढायची याचा एक काल्पनिक नमुना पाहू. महिन्याचं भाडं ८५० पौंड, वीज-गॅस ९०, कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) ११०, जेवणखाण २२०, प्रवास ६०, फोन २०, फिजिओच्या चार बैठका प्रत्येकी ५५ प्रमाणे २२०. एकूण १,५७०. बसून घेतलेला आठवड्याचा एक वर्ग ४५ प्रमाणे महिन्याला १८० देतो. तूट १,३९०. आता १,३९० पौंड ‘खर्चासाठी’ मागण्याऐवजी भाडं आणि फिजिओ यांचे १,०७० मागावेत. दोन्हींची बिलं आहेत, दोन्ही थेट घरमालकाला आणि क्लिनिकला देता येतात, आणि फिजिओमुळे कामावर परतणं जवळ येतं हे दिसतं. उरलेल्या ३२० चं काय, हेही एका ओळीत लिहावं: कौन्सिल टॅक्सच्या सवलतीसाठी अर्ज केला आहे, वीजकंपनीशी हप्ते ठरले आहेत, वगैरे. समितीला पैसे खड्ड्यात पडणार नाहीत एवढंच पाहायचं असतं.

अर्जाचा मजकूर पाच-सात वाक्यांत बसावा. ‘नृत्य हा माझा श्वास आहे’ हे वाक्य समितीने असंख्य वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहा: ‘१२ मार्चला तालमीत उजव्या पायाचं पाचवं मेटाटार्सल मोडलं. एप्रिल ते जूनचा दौऱ्याचा करार, ठरलेलं मानधन ५,४०० पौंड, त्यामुळे रद्द झाला. पत्र जोडलं आहे. एप्रिलचं भाडं थकलं आहे. घरमालकाने ३० तारखेपर्यंत मुदत दिली आहे. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज २० मार्चला केला. फिजिओच्या अंदाजानुसार ऑगस्टपासून शिकवणं, ऑक्टोबरपासून मंच.’ याहून जास्त दुःख कागदावर उतरवायची गरज नाही.

काय मिळणार नाही तेही पाहा. क्रेडिट कार्डाची थकबाकी, दंड, कोर्टखर्च, कराची थकबाकी, स्वतःच्या निर्मितीचा खर्च यांना हे कष्टनिवारण निधी सहसा हात लावत नाहीत. आधीच भरून टाकलेलं बिलही बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, म्हणून कार्डावर भाडं भरून मग अर्ज करणं हा उलटा क्रम. कर्जाचा डोंगर असेल तर इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ योजना आहे: मान्यताप्राप्त कर्जसल्लागारामार्फत नोंद झाली की ६० दिवस पात्र कर्जांवरचं व्याज आणि वसुली थांबते. चालू भाडं मात्र भरतच राहावं लागतं. ही मुदत हातात असताना निधीचा अर्ज गेला तर दोन्हींचा फायदा होतो.

मिश्र उत्पन्नाचे कागद वेगळे का ठेवायचे, हे महासाथीने पुरेपूर दाखवलं. ब्रिटनच्या स्वयंरोजगार साहाय्य योजनेत निम्मं तरी उत्पन्न स्वयंरोजगारातून हवं अशी अट होती. छोट्या पगारी करारांवर पॅंटोमाइम करणारे आणि उरलेलं वर्ष स्वतंत्रपणे शिकवणारे नर्तक पगारी गटातही बसेनात आणि स्वयंरोजगाराच्या गटातही. निधींच्या समित्या या बाबतीत सरकारपेक्षा समंजस असतात, पण त्यांनाही वर्षवार दोन रकाने लागतात: पगारी किती, स्वतंत्र किती.

गोपनीयतेबद्दल थोडं. नृत्यक्षेत्र लहान आहे, आणि विश्वस्त मंडळांवर माजी नर्तक, दिग्दर्शक असणं साहजिक आहे. उद्या ऑडिशन घेणाऱ्याने आज आपला भाड्याचा हिशेब वाचावा असं कुणालाच वाटत नाही. अर्ज नाव झाकून समितीपुढे जातो का, हे आधी विचारायला लाजू नका. उत्तर गुळमुळीत आलं तर तो त्या सेवेचा दोष समजावा. लोकवर्गणीची संकेतस्थळं वेगवान असतात, पण तिथे दुखापत जगजाहीर होते आणि ‘ती अजून बरी झालेली नाही’ हा शिक्का वर्षभर पुसत नाही. भाड्यासाठी निधी, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी गरज पडलीच तर वर्गणी, हा क्रम बरा.

मंजुरीनंतर पैसे बऱ्याचदा थेट घरमालकाला किंवा क्लिनिकला जातात, म्हणून घरमालकाचं नाव आणि खातेक्रमांक भाडेकराराशी जुळतो का ते अर्जाआधीच तपासा. करार एका भावाच्या नावे आणि खातं दुसऱ्याच्या, एवढ्यावरून रक्कम अडकते. पावती मागितली तर वेळेत पाठवा. मुदत अपुरी पडत असेल, बरं व्हायला ठरल्यापेक्षा उशीर होत असेल, तर नवीन वैद्यकीय पत्रासह त्याच कार्यकर्त्याला कळवा. पहिली फाईल उघडी असताना वाढीव मागणीचा विचार होऊ शकतो. ती बंद झाली की पुन्हा अर्ज करण्यासाठी किती काळ थांबावं लागतं, हे मंजुरीच्या पत्रातच विचारून घ्यावं.